पंचक्रोशीच्या आत तीन दिवस

"बाबा, येतोय आम्ही. तीन दिवस. मी आणि दोघं मुलं," मुलगी फोनवर म्हणाली आणि मी लगेच कागद-पेन घेऊन बसलो. काय करणार, खोडच आहे. कोणी काशीला येतो म्हटलं की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात चार पिढ्या हेच चालत आलंय. महाराष्ट्रातून यात्रेकरू येणार. त्यांनी उतरायचं कुठे, स्नान कधी, श्राद्ध कधी, कोणत्या देवाचं दर्शन कोणत्या दिवशी, हे सगळं आम्ही ठरवायचं. पाठशाळेत संस्कृत शिकवणं ही माझी नोकरी होती, पण यात्रा आखणं म्हणजे हातचा मळ. चाळीस वर्षांत माझा एकही यात्रेकरू उपाशी राहिला नाही, हरवला नाही, की कोणाची परतीची गाडी चुकली नाही.

या खेपेचे यात्रेकरू मात्र एक सव्वाचार वर्षांचा आणि एक दोन वर्षांची, असे होते.

ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कागद ठेवा तो खाली! पोरं येताहेत, कोणाच्या अस्थी घेऊन गोतावळा नाही येत." ही म्हणजे माझी बायको. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, अजून तिने माझ्या एकाही बेताचं कौतुक केलेलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी एवढा का धडपडत होतो ते कळणार नाही. मी क्षेत्रसंन्यास घेतलेला आहे. म्हणजे घरदार सोडलेलं नाही, भगवी वस्त्रं नाहीत, बायकोशी भांडण रोजच्या रोज चालू आहे. फक्त संकल्प केलाय की मरेपर्यंत काशीक्षेत्राची सीमा ओलांडणार नाही. सीमा म्हणजे गावाला वळसा घालणारा पंचक्रोशीचा रस्ता. त्याच्या आत जगायचं आणि आतच मरायचं. काशीत मरण आलं की माणूस सुटला, ही आमच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. सहा वर्षांपूर्वी माझ्या छातीत कळ आली, आठ दिवस दवाखान्यात काढले, आणि घरी आल्याबरोबर घाईघाईने चार विद्वानांना बोलावून मी त्यांच्यासमोर संकल्पाचं पाणी सोडलं.

हिने तेव्हा विचारलं होतं, "अहो, पोरीच्या लग्नाला वर्ष नाही झालं. उद्या बाळंतपण येईल, बारसं येईल. पुण्याला जायचं नाही का?"

मी म्हटलं, "बाळंतपणात माझं काय काम? तू जा."

शाबास रे पठ्ठ्या! आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. नातू झाला, त्याचं बारसं मी फोनवर पाहिलं. नात झाली, तीही फोनवर. ही वर्षातून दोनदा पुण्याला जाऊन महिना महिना राहून येते आणि मी इथे भात करपवत बसतो. मुलं मला 'फोनमधले आजोबा' म्हणतात. फोनमधला दुसरा कोणी, म्हणजे एखादा नाचणारा हत्ती वगैरे, जास्त गमतीचा निघाला की मला बाजूला सरकवतात.

मोठा दहा महिन्यांचा असताना मुलीने त्याला एकदा आणलं होतं. तिसऱ्या दिवशी जुलाब, ताप, सलाईन. जावई मिळेल त्या विमानाने धावत आले आणि दोघांना घेऊन गेले. त्यानंतर मुलांना काशी बंद. आता तीन वर्षांनी मुलगी म्हणत होती, "बाबा, एकदा करून बघू. मुलं नीट राहिली तर दरवर्षी आणीन. नाही जमलं तर ती मोठी होईपर्यंत मला विचारायचं नाही." मोठी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

तर मी बेत आखला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर वाचून दाखवला.

"पहिला दिवस. आगमन, गंगाभेट, मग जेवण. संध्याकाळी कालभैरव. दुसरा दिवस. पहाटे साडेपाचला नाव, पंचतीर्थी..."

"बाबा."

"अस्सीपासून आदिकेशवापर्यंत पाच घाटांवर स्नान. चारच तास लागतात."

"बाबा, धाकटीला पहाटे साडेपाचला उठवून दाखवा, मी तुम्हाला साष्टांग नमस्कार घालते."

मग तिने तिचा बेत सांगितला आणि मला लिहून घ्यायला लावला. दिवसाला एकच गोष्ट, तीही नऊ ते अकराच्या दरम्यान. बारा ते तीन दोघं झोपणार, तेव्हा घरात कुकरची शिट्टीसुद्धा वाजता कामा नये. जिथे जायचं तिथून दहा मिनिटांत स्वच्छ संडास हवा. पाणी उकळून गार केलेलं. बाहेरचं काही नाही. जेवायला पहिला दिवस मऊ वरणभात. "आणि 'आलोच आहोत तर हेही दाखवू' असं म्हणायचं नाही. तुम्ही दर वाक्याला म्हणता."

"सारनाथला हरणं आहेत," मी म्हटलं, "मोठ्याला आवडतील. पण तिथे तुझी आई येईल. सारनाथ सीमेच्या आत की बाहेर, याबद्दल दोन मतं आहेत."

"तुमचं कुठलं?"

"कडक."

"मग सारनाथ नको," ती म्हणाली. "तुम्ही नसाल तिथे जायला मी येतच नाहीये."

मी फोन हिच्या हातात दिला आणि तडक गच्चीवर गेलो. एक तर मला गहिवरून आलं होतं, आणि दुसरं म्हणजे रागही आला होता. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि ही कार्टी मला वेळापत्रक शिकवणार! पण कागद पुन्हा वाचला आणि हसूच फुटलं. मऊ भात, दुपारची झोप, जवळ संडास, जिने कमी, एका वेळी एकच दर्शन. अरे, माझ्या ऐंशीच्या घरातल्या यात्रेकरूंना मी हेच तर देत आलोय! फक्त ते रडायचे नाहीत, सुनांवर चिडायचे.

मग मात्र मी कामाला लागलो. सुतार बोलावून जिन्याच्या तोंडाशी अर्धा दरवाजा बसवून घेतला. माकडांसाठी गच्चीला जाळी ठोकली. धाकटीचं वजन अकरा किलो, असं हिने सांगितलं होतं. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, मैदागिनला उतरून चालावं लागतं. तिला उचलून किती वेळ लागेल ते बघायला मी दहा किलो आट्याची थैली काखेत घेऊन मैदागिनपासून घरापर्यंत चाललो. वाटेत पानवाल्याने विचारलं, "का गुरुजी, पिसवाकर ला रहे हैं?" मी म्हटलं, "नहीं भइया, नातिन को ला रहा हूँ." तो बिचारा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. तीन ठिकाणी थांबून एकोणीस मिनिटं लागली. मुलीला कळवलं, बाबागाडी आणू नकोस, गल्लीत सांड आडवा बसला तर ती डोक्यावर घेऊन चालावं लागेल. तिला ते पटलं. माझा एक तरी मुद्दा पटला म्हणून मी हिला मुद्दाम ऐकवलं.

फाल्गुनाची सुरुवात होती, थंडी उतरणीला लागलेली. बाबतपूरचा विमानतळ सीमेच्या बाहेर, म्हणून आणायला ही गेली. मी अकरा वाजल्यापासून मैदागिनला उभा. विमान उशिरा आलं, वाटेत गर्दी लागली, आणि टॅक्सी येऊन थांबली तेव्हा दीड वाजून गेला होता. मुलांची झोप टळलेली, पोट रिकामं, तोंडं लाल. मोठ्याने मला नखशिखांत न्याहाळलं आणि आईला विचारलं, "हे खरे आहेत?" धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? सरळ घरी नेऊन भात भरवला असता. पण माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत नारळ, हळदकुंकू, फुलं. गंगाभेटीची गोष्ट मी कागदावरून खोडली होती, डोक्यातून नाही. आमच्याकडची पद्धत अशी की काशीत पाऊल ठेवलं की आधी गंगेला भेटायचं, तिला नारळ द्यायचा आणि मगच अन्नाला हात लावायचा. हजारो माणसांना मी असं घाटावर नेलेलं. लहानपणी माझ्याही कपाळाला तेच पाणी लावलेलं. माझी स्वतःची नातवंडं तशीच घरात शिरणार, हे मला सहनच होईना.

घराच्या वळणावर मी म्हटलं, "पाच मिनिटं. फक्त पाच. पंचगंगा घाटावर जाऊन येऊ."

मुलगी म्हणाली, "बाबा, सकाळपासून त्यांनी धड काही खाल्लं नाहीये."

"म्हणूनच तर! खाल्ल्यावर चालत नाही."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. धाकटीला तिच्याकडून ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागलो. पंचगंगेच्या पायऱ्या म्हणजे उभा डोंगर, वर मशीद आणि खाली एकदम पाणी. आट्याची थैली हातपाय झाडत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. धाकटी किंचाळत होती, माझा चष्मा तिच्या मुठीत, समोरचं काही दिसेना. मोठा निम्म्यावर येऊन मटकन बसला, "मला भूक लागलीये" म्हणाला, आणि पुढच्या क्षणाला भडभडा ओकला. त्याला धरायला मी वळलो तर खांद्यावरची पिशवी कलंडली. नारळ टणाटणा उड्या मारत सगळा घाट उतरला आणि स्वतःच पाण्यात गेला. खालून नावाडी ओरडला, "हर हर महादेव!"

कोणी हसलं नाही. मुलीने धाकटीला माझ्याकडून घेतलं. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, आम्ही तुमचे यजमान नाही. ही मुलं आहेत." आणि वर चढता चढता, माझ्याकडे न बघता, "छावणीकडे एक हॉटेल बघून ठेवलंय मी. संध्याकाळी तिकडे जातो."

म्हणजे ती आधीपासूनच हॉटेल बघून आली होती. माझ्या घरावर तिचा भरवसा नव्हता, आणि मी तासाभरात तिचं बरोबर ठरवून दिलं. फार लागलं मला ते.

घरी हिने मुलांना वरणभात भरवला.  माझं ताट मात्र आपटून ठेवलं. मुलं जेवता जेवताच पेंगली आणि मुलगी त्यांच्याजवळ सतरंजीवर आडवी झाली. मी दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसलो. भाजीवाला ओरडत आला, त्याला हात जोडून पुढे पाठवला. घंटा वाजवणाऱ्या एका शेजाऱ्याला सांगितलं, आज देवाला जरा हळू उठव. चार वाजले, पाच वाजले, आतून काही आवाज नाही. साडेपाचला मुलगी डोळे चोळत बाहेर आली. तिच्या गालावर सतरंजीचे वळ उठले होते.

"किती महिन्यांनी अशी झोपले," म्हणाली.

"टॅक्सी बोलावू?" मी विचारलं.

तिने जिन्याच्या अर्ध्या दरवाजाला हात लावून बघितला, पुढेमागे केला. "हा कधी बसवलात?"

"मागच्या आठवड्यात."

"उद्या बघू," ती म्हणाली. "आज राहतो."

दुसऱ्या दिवशी मी काहीही ठरवलं नाही. मला ते फार कठीण गेलं, हे कबूल करतो. सकाळी ओट्यावर बसलो होतो तर मोठा एकटाच खाली आला आणि माझ्यापासून एक हात सोडून बसला. आम्ही दोघं गल्लीकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने समोरून तीन बकऱ्या आल्या. आमच्याकडे थंडीत बकऱ्यांना जुने स्वेटर घालतात. पुढचे पाय बाह्यांतून बाहेर काढून, पोटावर बटणं लावून. मला त्यात काही विशेष वाटत नाही, मी जन्मापासून बघतोय. मोठा मात्र उठून उभाच राहिला.

"आजोबा! बकरीने स्वेटर घातलाय!"

"हो. तिसरीचा बघ, व्ही गळ्याचा आहे."

"तिला कोणी घातला?"

"तिच्या आईने."

तो हसायला लागला आणि थांबेचना. "बकरीच्या आईला हात नसतात!" म्हणाला आणि सरकून मला चिकटून बसला. त्या दिवशी आमची काशीयात्रा म्हणजे बकऱ्या मोजणं. पुण्याहून विमानाने येऊन पोराने काय पाहिलं, तर घरापासून चाळीस पावलांची गल्ली. त्या चाळीस पावलांना आम्हाला दीड तास लागला. एक सांड झोपलेला होता, तो उठेपर्यंत थांबलो. नळाचं पाणी दगडावरून कुठे कुठे जातं ते बघत बसलो. कोपऱ्यावर मलइयोवाला होता. दुधाचा तो केशरी फेस बघून मोठ्याने हात पुढे केला, पण मागून आलेल्या मुलीने डोळे वटारले. मग 'मी फक्त चव बघते' म्हणत स्वतः तीन कुल्हड संपवले. लहानपणी शाळेतून येताना ती असंच करायची आणि घरी भूक नाही म्हणायची.

धाकटी मात्र माझ्याकडे येत नव्हती. मी खोलीत शिरलो की आजीच्या पदरात तोंड लपवायची. हिने मला बजावलं, "तिच्या मागे लागू नका. गप्प पेपर वाचत बसा." बसलो. तोच पेपर तीनदा वाचला. दुपारची झोप झाल्यावर ती दुडुदुडु आली, माझ्या मांडीवर स्वतःचा एक बूट ठेवला आणि पाय पुढे केला. बस, एवढंच. मी बूट चढवला. तिने तो काढला आणि पुन्हा माझ्या हातात दिला. असं किती वेळा झालं कोणास ठाऊक. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. ही पलीकडे भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही, पण मी डोळे पुसतोय ते तिला दिसलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. सकाळी मुलगी आपणहून म्हणाली, "अर्धा तास नाव फिरवून आणू या का?" मी पुढेपुढे केलं नाही. फक्त, मुलांच्या मापाची तरंगणारी जाकिटं मी आधीच नावाड्याकडे आणून ठेवली होती, ती निघाली. हवा छान होती, पाणी संथ. धाकटी आजीच्या मांडीवर बिस्किट खात होती. मणिकर्णिकेच्या बरंच अलीकडे नाव वळवायची असं मी नावाड्याला सांगितलं होतं, पण धूर काय लांबूनही दिसतोच.

"तिथे काय जळतंय?" मोठ्याने विचारलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर भल्याभल्यांना त्या घाटाचं माहात्म्य सांगितलंय. पण या पोराशी खोटं बोलवेना आणि माहात्म्यही सांगवेना.

"माणूस मेला की त्याला तिथे आणतात आणि जाळतात. मग तो गंगेत जातो."

"तू पण म्हातारा आहेस."

"आहे."

"तुला पण इथेच जाळणार?"

"हो. मला इथेच मरायचंय, म्हणून तर मी कुठे जात नाही."

 तो हाताने पाण्यावर रेघा ओढत होता. मग म्हणाला, "मग आमच्या घरी कधी येणार? मेल्यावर?"

नावाड्याला मराठी येत नव्हतं, त्यामुळे तो वल्हवत राहिला. चार शास्त्रं माझी पाठ आहेत. "बघ, बदक," मी म्हटलं. बदक वगैरे काही नव्हतं.

घरी आल्यावर मुलगी सामान भरत होती. मी दारात उभा राहून धीर करून विचारलं, "नीट राहिली ना मुलं?"

"छान राहिली बाबा. खरंच."

"मग पुढच्या वर्षी..."

ती धाकटीचे झगे घडी करत राहिली. एकच झगा तिने दोनदा उलगडला आणि दोनदा घडी केला. मग म्हणाली, "नाही जमणार. तुमच्यामुळे नाही, त्या पहिल्या दिवसामुळेही नाही. मलाच झेपत नाही. एकटीने दोघांना घेऊन विमान, टॅक्सी, गल्ली, जिने... मुलांना सुट्टी असते तेव्हा यांना नसते, मला असते तेव्हा इथे ऊन असतं. मी आले ना बाबा, पण माझा जीव मेटाकुटीला आला. दोन-तीन वर्षं थांबा. जरा मोठी होऊ देत." आणि ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "अगं, रडतेस काय वेडे, काही हरकत नाही." हरकत होती. पण तिचं खरं होतं, आणि रागवायला तिथे कोणीच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी पाणी सोडलं ते मी.

निघताना मी म्हटलं, मी हरहुआपर्यंत येतो. हरहुआच्या चौकात पंचक्रोशीचा रस्ता विमानतळाचा रस्ता सोडून रामेश्वराकडे वळतो. तिथवर माझी हद्द. तिथे उतरून रिक्षाने परत येईन, ही पुढे जाऊन मुलांना सोडून येईल. टॅक्सीवाल्याला तसं सांगून ठेवलं. मी पुढे बसलो. धाकटी मैदागिनपासूनच कुरकुरत होती, कचेरीपाशी तिने पुढे हात केले आणि मुलीने तिला माझ्याकडे दिलं. शिवपूर येईपर्यंत ती माझ्या छातीवर झोपली. तोंड उघडं, शर्टावर लाळ, आणि एक हात माझ्या जानव्यात अडकवलेला.

मी काही ठरवलं नव्हतं. हे मी ज्याला त्याला सांगतो आणि कोणाचा विश्वास बसत नाही, कारण मी न ठरवता शिंकतसुद्धा नाही असं हिचं मत आहे. हरहुआचा चौक आला. टॅक्सीवाल्याने वेग कमी केला. "पंडितजी, यहीं रोक दें?"

माझ्या छातीवर ते अकरा किलो श्वास घेत होते.

"चलो," मी म्हटलं.

मागून मुलगी ओरडली, "बाबा!"

"गप्प बस, उठेल ती."

 खरं तर हिच्याकडे बोलण्यासारखं सहा वर्षांचं साठलेलं होतं. तिने फक्त मागून हात पुढे केला आणि माझ्या खांद्यावर ठेवला, आणि विमानतळ येईपर्यंत तसाच ठेवला. बाहेर गव्हाची शेतं होती. सीमेच्या बाहेरचीही शेतं हिरवीच असतात, हे मी विसरलो होतो. दारापर्यंत गेलो. मोठ्याने हात हलवला आणि लगेच तो सामानाच्या गाडीच्या चाकांत रमला. धाकटी शेवटपर्यंत उठली नाही, झोपेतच हातातून हातात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून मी माझ्या गुरुबंधूंकडे गेलो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, संकल्पाच्या वेळी जे चौघे होते त्यांतले एकटेच उरलेले. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग प्रायश्चित्त सांगितलं: तीन दिवस उपास, एवढा जप, एवढी स्नानं. मला ते पाठच होतं. कित्येकांना मीच सांगितलेलं. आपल्याला कोणी सांगितलं की ते वेगळं ऐकू येतं.

"चौथ्या दिवशी पुन्हा संकल्प कर," ते म्हणाले. "मुहूर्त चांगला आहे."

"करीन," मी म्हटलं. "पण पुण्याला जाऊन आल्यावर."

त्यांनी डोळे उघडले. "या वयात? हृदय हे असं. तिकडे काही बरंवाईट झालं तर?"

"तर पोरांच्या जवळ होईल."

 त्यांनी उशाशी पडलेलं पंचांग ओढून घेतलं आणि कितीतरी वेळ पानं चाळत राहिले. मला वाटलं, आता शास्त्राचं वचन काढून माझी कानउघाडणी करणार. मी मान खाली घालून बसलो. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मंगळवारी नको," ते म्हणाले. "बुधवारी नीघ."